बेकरीवाल्याच्या घरात पीठ नको

मी एका बेकरीवाल्याचा ॲप्रन बोलतोय. जाड सुती कापड, गळ्यात पट्टा, कमरेला दोन बंद आणि पोटावर एक मोठा खिसा. ॲप्रन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढराशुभ्र, इस्त्री केलेला आचारी येत असेल. तसले ॲप्रन फक्त चित्रातच असतात. आम्हाला शिवतात ते दुसऱ्याची घाण अंगावर घ्यायला. मला कसली सवय झाली असेल तर ती किळसेची.

शिवणाऱ्या बाईच्या बोटात सुई घुसली आणि तिने ते रक्त माझ्याच काठाला पुसलं. माझ्या आयुष्याची सुरुवात अशी झाली. दुकानात येणारा जाणारा मला चाचपायचा. कुणाचे हात तेलकट, कुणाचे घामट. एक तर मला पाहता पाहता माझ्यावरच शिंकला आणि न घेताच निघून गेला. माझ्या मालकाने मला उचललं तेव्हा त्याच्या नखांत वाळलेलं पीठ होतं. मला वाटलं, चला, निदान कोरडी घाण आहे.

मालकाची बेकरी एका चौकात होती आणि घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. घरात तो, त्याची बायको आणि त्याची आई. बायको शहर बस चालवायची. मोठं चाक, मोठा आरसा आणि खणखणीत आवाज. मागच्या दाराला लटकणाऱ्यांना ती आरशातूनच सरळ करायची. मी तिला मालकीण म्हणतो, कारण मालकही तिच्याच हुकमात होता.

मालक दिवसभर माझ्यावर काय काय पुसायचा ते सांगत नाही, तुमचं जेवण व्हायचं असेल. पीठ, यीस्ट, अंड्याचा बलक, घाम. हात धुतले तरी ओले हात परत मलाच. संध्याकाळपर्यंत माझा वास असा आंबट व्हायचा की माझा मलाच नकोसा वाटायचा. तसाच मला घालून तो घरी यायचा आणि स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला लटकवायचा. जाता येता माझ्यातून पीठ झडायचं. कट्ट्यावर, भांड्यांवर, बशीतल्या चमच्यावर.

मालकिणीचं पोट कधीपासून बिघडलं ते कुणालाच नीट आठवत नव्हतं. आधी नुसते गॅस, मग जुलाब, मग तोंडात फोड. पोट ढोलासारखं फुगायचं आणि हातपाय मात्र काटकुळे होत चालले. सासूबाई म्हणायच्या, "वेळेवर जेवत नाहीस, दुसरं काय."

बस चालवणाऱ्या बाईला जुलाब म्हणजे काय, याची कल्पना करा. मार्गावर संडास शेवटच्या थांब्यालाच. एकदा तिने भर रस्त्यात बस उभी केली, धोक्याचे दिवे लावले आणि समोरच्या औषधाच्या दुकानात शिरून दुकानदाराच्या पाया पडावं तशी संडासासाठी विनवणी केली. परत आली तेव्हा बसमधला एक सद्गृहस्थ घड्याळ दाखवत म्हणाला, "बाई, आम्हालाही कामं असतात." हे सगळं ती घरी सांगत होती तेव्हा हसत होती. सांगून झालं आणि ती रडायला लागली.

डेपोच्या साहेबाने तिला बोलावून घेतलं. "काय आजार आहे त्याचा डॉक्टरचा कागद आण. जवळचा मार्ग देतो. कागद नसेल तर तिकीटखिडकीवर बस." आणि कागद देणार कोण? एका डॉक्टरने जंताचं औषध दिलं, दुसऱ्याने मनावर घेऊ नका म्हणून सांगितलं.

तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. बहिणीच्या ओळखीत कुणाला तरी असंच व्हायचं. गव्हात ग्लूटेन नावाचा चिकट पदार्थ असतो, तो काहींच्या आतड्याला सोसत नाही. त्या आजाराला सीलिॲक म्हणतात. बहीण म्हणाली, "पोटाच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळेल तेव्हा मिळेल. तोवर गहू सोडून तर बघ."

घरात वादळ झालं. सासूबाई मालकाला म्हणाल्या, "बाळा, तुझ्या बापाने पाव विकून तुला वाढवलं. आता पाव विष झाला होय? लोक काय म्हणतील?"

मालकीण म्हणाली, "आई, लोकांना माझ्याबरोबर संडासात पाठवते, मग विचारा काय म्हणतात."

मालकाने मनावर घेतलं. दिवसाची भट्टी आटोपल्यावर तो बिनगव्हाचा पाव करायला लागला. तांदळाचं पीठ, बटाट्याचं सत्त्व, मक्याचं पीठ. अरेरे. गव्हाच्या कणकेला निदान एक शिस्त असते, ताणली तर ताणते, सोडली तर आवळते. हा लगदा बुळबुळीत. मालकाच्या बोटांना शेंबडासारखा लोंबायचा आणि तो माझ्यावर निपटायचा. वाळला की माझं कापड पत्र्यासारखं ताठ. पहिला पाव बाहेर आला तो वरून वीट, आतून खळ. मालकिणीने एक घास घेतला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "याने भिंतीतलं भोक बुजेल." दुसऱ्याला ओल्या पुठ्ठ्याचा वास होता. तिसरा तिने गिळला, कारण मालक समोर उभा राहून तिचं तोंड बघत होता.

पण तिचं पोट शांत झालं. भात, बटाटे, अंडी, तो पुठ्ठा, एवढ्यावर ती महिनाभर राहिली आणि पोट उतरलं. तोंडातले फोड गेले. बस न थांबता शेवटपर्यंत जायला लागली. सासूबाई गप्प झाल्या. एकदा त्यांनी सवयीने सूप घट्ट करायला चमचाभर मैदा घातला, तेव्हा मालकीण बादली घेऊन बसली ती संध्याकाळपर्यंत उठली नाही. सासूबाई पुटपुटल्या, "एवढ्याशाने होतं होय." म्हणजे अजूनही त्यांना खरं वाटत नव्हतं.

शेवटी मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळाली. मालक भट्टीवरून थेट दवाखान्यात पळाला, मला काढायचंही विसरला. त्या चकचकीत खोलीत मी म्हणजे गटारातून आलेला पाहुणा. मी हललो की लादीवर पीठ पडत होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "गहू सोडलाय?"

मालकीण आनंदाने म्हणाली, "हो. महिना होऊन गेला. एकदम बरं वाटतंय."

"ते वाईट झालं," डॉक्टर म्हणाले.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गहू पोटात असेल तरच रक्तात आणि दुर्बिणीने काढलेल्या आतड्याच्या तुकड्यात आजार दिसतो. सोडला की आतडं भरून यायला लागतं आणि तपासणी खोटं बोलते. "परत सुरू करा. रोज दोन स्लाइस. दुर्बिणीने तपासेपर्यंत, सहा ते आठ आठवडे. फारच त्रास झाला तर मला कळवा, मनाने थांबवू नका."

"आणि तपासलंच नाही तर? नुसता सोडून दिला तर?" मालकाने विचारलं.

"मग ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही. हा आजार असेल तर पथ्य जन्मभराचं आणि कडक. संशयावर माणूस जन्मभर पथ्य पाळत नाही. शिवाय हा रक्ताच्या नात्यात असतो, त्यांच्या भावंडांनाही तपासायला हवं." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "तुम्ही काय करता?"

"बेकरी आहे माझी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

त्यानंतर कित्येक आठवडे हेच चाललं. रोज सकाळी मालक स्वतः भाजलेल्या पावाचे दोन तुकडे तिच्यापुढे ठेवायचा. ती नाक दाबून, पाण्याच्या घोटाबरोबर, गोळी घ्यावी तशी खायची. तो दुसरीकडे बघायचा. मग ठरलेलं सगळं सुरू व्हायचं. गुडगुड, कळा, संडासाचं दार, पोट फुगून टम्म. तिने रजा टाकली. घरभर फिनेलचा वास आणि फिनेलखाली दुसरा वास.

बेकरीत एक गिऱ्हाईक म्हणालं, "आज पाव काय सुरेख झालाय हो." मालक मान हलवून मागच्या मोरीवर गेला आणि कोरड्या ओकाऱ्या काढायला लागला. ज्या वासावर त्याचं बालपण गेलं, तो वास आता त्याला सोसेना. तोंड पुसायला अर्थातच मी.

एका सकाळी दुसऱ्या तुकड्यालाच तिला उलटी आली. भांडं शोधायला वेळ नव्हता. मालकाने मला एका हाताने झोळीसारखं उचललं आणि तिच्या तोंडाखाली धरलं. सगळं माझ्यात. गरम, आंबट, न चावलेला पाव. माझ्या खिशात भरलं, बंदांवरून ओघळलं. मालकाने तोंड फिरवलं नाही. उलट दुसऱ्या हाताने तो तिचे केस मागे धरून उभा राहिला. मला शिसारी आली हे खरं, पण मी खाली सांडू दिलं नाही.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला त्याच्या अंगावरून काढलं, मोरीवर नेलं आणि हाताने धुतलं. आजवर त्या मला चिमटीत धरायच्या. धुता धुता त्या मोठ्याने म्हणाल्या, "बाळा, उद्यापासून तिला पाव द्यायचा नाही. डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणो."

आतून मालकिणीचा आवाज आला. "नाही आई. आता सोडलं तर एवढं खाल्लेलं फुकट. मला कागद हवाय. मला बस हवीय."

"मग मी भरवते," सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याच्याने नाही बघवत."

आणि खरंच, शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनीच भरवलं. एक घास आणि पाठीवरून हात, पुन्हा एक घास.

दुर्बिणीची तपासणी झाली त्या दुपारी घरी येऊन मालकिणीने भात खाल्ला आणि गाढ झोपली. अहवाल यायला बरेच दिवस गेले. सगळ्यांच्या मनात एकच भीती होती, काहीच निघालं नाही तर?

अहवाल आला तेव्हा मी खुंटीवर होतो. मालकीण फोन कानाला लावून फक्त "हं, हं" करत होती. फोन ठेवल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणाले? चांगलं की वाईट?"

"चांगलं," ती म्हणाली. "आजार आहे."

आणि तिघंही हसत सुटले. आजार निघाला म्हणून इतकं हसणारं घर मी पाहिलेलं नाही.

मग सफाई सुरू झाली. मैद्याचा डबा, बिस्किटं, भेगा पडलेले लाकडी चमचे, टोस्टर, सगळं बाहेर. मालक म्हणाला, "बेकरीही विकून टाकतो."

मालकीण म्हणाली, "आणि करणार काय? बस चालवणार? तुला सायकल सरळ चालवता येत नाही. पाव कर. फक्त पीठ अंगावर घेऊन घरी येऊ नकोस."

मग तिने दारामागे पाहिलं. मालकाने मला काढलं, पिशवीत कोंबलं आणि बेकरीत आणून मोरीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. त्या दिवसापासून मी त्या घराचा उंबरा ओलांडलेला नाही.

आता मी जुना झालोय. खिसा उसवलाय, एक बंद तुटलाय, कितीही उकळलं तरी डाग जात नाहीत. मालक निघताना कोपरापर्यंत हात धुतो, नखं घासतो, कपडे बदलतो. हल्ली तो पुसायला वेगळं फडकं वापरतो. आता मालकही माझी किळस करतो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

तुमच्याकडे मागणं एवढंच. तुमच्या घरी कुणी ताटावर आडवा हात धरून "नको" म्हणालं, तर "एवढ्याशाने काय होतंय" असं म्हणू नका. एवढ्याशाने काय होतं ते मी पोटावर झेललंय. त्याहून घाण दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

मालकिणीला जवळचा मार्ग मिळाला. बस बेकरीसमोरच्या थांब्यावर येते. ती दारातून आत येत नाही, हॉर्न वाजवते. मालक मला गळ्यातून उतरवतो, खिळ्याला लावतो, हात धुतो आणि तिला बघायला बाहेर धावतो. मी भिंतीला चिकटून लोंबत राहतो, आंबट आणि ओशट, आणि बस निघून गेल्याचा आवाज ऐकतो.