बुवांचं मौन

मळ्यातल्या रघुजीने नारळ पुढे ठेवला, नारायणबुवांच्या पायांवर डोकं टेकवलं आणि आपल्या माळवी बोलीत रडगाणं सुरू केलं.

"महाराज, म्हारा भई ने म्हारा से बोलनो छोडी दियो. अबे खेत का दो टुकडा करूँ के नी करूँ, तमी बताओ."

बुवांच्या जिभेवर दोन भावांचं अख्खं आख्यान, दृष्टांतासकट, तयार होतं. पण करता काय? देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या संस्थानाच्या, देवळातले हे हरदास; आषाढात ऐन रंगलेल्या कीर्तनात त्यांचा आवाज फाटला, तो फाटलाच. "कार्तिकीपर्यंत अवाक्षर काढलंत तर आवाज कायमचा जाईल," अशी वैद्यांनी ताकीद दिली. घरी राहून बुवांनी गप्प बसणं अशक्य, हे सगळी आळी जाणून होती. म्हणून बायकोनेच, उमाबाईंनीच, त्यांची रवानगी माताजीच्या टेकडीखालच्या एका ओवरीत केली. एकटा राहणारा, न बोलणारा, दाढी वाढलेला हा ब्राह्मण पाहून मळ्यांतल्या लोकांनी त्याला मौनी साधू ठरवून टाकलं. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, त्यामुळे साधुपण बुवांच्या गळ्यात पडलं.

रघुजी बोलत राहिला. आधी भावाला शिव्या, मग वहिनीला. शेवटी म्हणाला, "गलती तो म्हारी बी हे, महाराज. जऊँ, भई का घरे जई ने रोटी माँगूँ." बुवांचे पाय घट्ट धरून, डोळे पुसत तो गेला. बुवा नारळाकडे बघत बसले. त्यांचं आख्यान कुणाला लागलंच नव्हतं, आणि ते त्यांच्या मनाला चांगलंच झोंबलं.

सुरुवातीला एकांत त्यांना खायला उठला होता. बोलता येत नाही म्हणजे आपण उरलोच कुठे, या विचाराने ते एकटेच रडतही. मग हळूहळू जीव निवत गेला. पहाटे ओवरीच्या पायरीवर बसून ते गेलेलं आयुष्य आठवू लागले, तेव्हा एक गोष्ट मनाला टोचू लागली. जन्मभर आपण माणसांपुढे उभे राहिलो, पण एकाचंही बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. उमेचंसुद्धा नाही.

उमाबाई जेवण घेऊन येत. कोथिंबिरीचा भाव आणि शेजारणीचं भांडण, एवढंच सांगून परत जात. एका दुपारी त्यांनी सीतेचं नाव काढलं. सीता त्यांची एकुलती एक लेक. प्लेगच्या साली गावाबाहेरच्या झोपडीत ती वारली, तेव्हा बुवा धारला कीर्तनात होते. परतले तोवर सगळं उरकलं होतं. त्यानंतर उमाबाईंनी तिचा विषय काढला की देह कसा नश्वर आहे यावर बुवा इतकं सुंदर बोलत की त्या बिचाऱ्या चुलीकडे वळत. आता मध्ये बोलणारं कुणी नव्हतं. त्या थोडं सांगत, थांबत, उरलेलं पुढच्या खेपेवर टाकत. बुवा त्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागले. देवाने आपल्याला याचसाठी गप्प केलं असेल, असं त्यांना मनापासून वाटू लागलं.

कार्तिकीच्या तोंडावर एका पहाटे त्यांनी भीत भीत सूर लावला. आवाज आला, पूर्वीइतकाच भरदार. बुवांना हुंदका फुटला. पण ते कुणाला काही बोलले नाहीत. उमेचं सांगणं अजून संपलं नव्हतं.

एकादशीच्या दुपारी त्या सीतेच्या शेवटच्या रात्रीपाशी आल्या होत्या, तेवढ्यात दरबारचे कारभारी कृष्णराव दारात उभे राहिले.

"बुवा, धारचे हरदास आलेत. आज तुम्ही कीर्तनाला उभे राहिलात तर देवळातली जागा तुमची. नाही तर ती कायमची त्यांची, सरकारांचा तसा हुकूम आहे. आवाज आलाय का?"

बुवांनी गळ्याला हात लावला आणि नकारार्थी मान हलवली. कृष्णराव हळहळले, नमस्कार करून निघून गेले.

"गेलं हो सगळं," म्हणत उमाबाई भांडी आवरू लागल्या. बुवांनी त्यांचा हात धरला.

"उमे, मग सीता काय म्हणाली?"

उमाबाईंच्या हातातली वाटी पडली. "अहो, आवाज आला तुमचा! हाक मारा त्यांना, फाटकापाशीच असतील!"

"असू देत. तू सांग."

त्यांनी पडलेली वाटी उचलून बाजूला ठेवली. मग खाली बसल्या.

"तापात सारखी विचारायची, बाबा आले का? शेवटी मी म्हटलं, हो, आलेत, पाय धुताहेत. तशी हसली, न् डोळे मिटले. मी खोटं बोलले हो तिच्याशी. जाताना खोटं बोलले."

बुवांच्या जिभेवर एकही ओवी आली नाही. ते नुसते जवळ सरकले आणि त्यांनी उमाबाईंचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. गावातून धारच्या बुवांच्या टाळांचा आवाज येऊ लागला, तेव्हाही त्या बोलतच होत्या.