पाहुण्यांना सांगायचा नवरा

मेलेल्या माणसाने परत येऊ नये. आणि यायचंच असेल तर निदान पाहुणे यायच्या दिवशी तरी येऊ नये. पण आमच्या स्वारीला जिवंतपणी कधी वेळेचं भान नव्हतं, ते मेल्यावर कुठून येणार?

त्या दिवशी सकाळपासून शिवणखोलीत नुसती धांदल होती. परदेशातून साहेब आणि मॅडम येणार होते. त्यांच्या चर्चमधली मंडळी आमचा खर्च चालवतात, त्यामुळे मशिनी पुसून झाल्या होत्या आणि कतरणीची पोती जिन्याखाली ढकलली होती. मी एप्रनच्या पट्ट्यांना टीप मारत बसले होते. सहज खिडकीतून बघितलं तर फाटकातून हा आत येत होता. पोट सुटलेलं, केस काळे केलेले, हातात एक पिशवी. माझा पाय मशीनवर तसाच चालत राहिला आणि टीप पट्टी सोडून थेट खिशावर चढली.

आमची संस्था विधवांची आणि पोरक्या मुलांची. बायकांना शिवणकाम आणि राहायला एकेक खोली, मुलांना शाळा. चार वर्षांपूर्वी लेकीला बोटाला धरून मी पहिल्यांदा इथे आले तेव्हा जे खरं तेच सांगितलं होतं, की नवरा दुसरीचा हात धरून पळाला. थोरली ताई, म्हणजे जिच्या कमरेला इथल्या सगळ्या किल्ल्या, ती म्हणाली, "टाकलेल्या बायकांची आमच्याकडे सोय नाही गं. देणारे विधवांसाठी आणि पोरक्यांसाठी देतात." म्हणजे नवऱ्याने मरून उपकार केले तर पोरीला शाळा, आणि पळून जाऊन माझ्या तोंडाला पानं पुसली तर काही नाही. वा रे न्याय! चुलतबहिणीच्या दारात थोडे दिवस काढले, तिच्या नवऱ्याची बोलणी खाल्ली, आणि परत येऊन सांगितलं, मेला तो. ताईने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. ओळखलं होतं तिने, काय बिशाद न ओळखायची! "देव त्याला शांती देवो," म्हणाली आणि किल्ली पुढे केली. त्यानंतर त्या विषयावर आमच्यात अवाक्षर नाही.

पाहुणे आले की एकीने उभं राहून आपली कहाणी सांगायची, ताई ती त्यांच्या भाषेत सांगणार, अशी इथली रीत आहे. काजं करणारी माझ्या शेजारी बसते, तिचा नवरा खराखुरा गेलेला. पण तिला धड सांगता येत नाही. उभी राहते, पदराचं टोक पिळते, "कावीळ झाली," म्हणते आणि बसते. कावीळ ऐकून कोण रडणार? म्हणून ताई नेहमी मलाच उठवते. माझा नवरा ट्रक चालवायचा हे खरं. रस्त्यात एक पोरगं आडवं आलं, त्याला वाचवायला याने ट्रक खड्ड्यात घातला आणि जागीच गेला, हे मी रचलेलं. पुढे पुढे मी त्याला आणखी सुधारत गेले. दारू सोडायला लावली, मला कधी एक चापट मारू दिली नाही, पोरीला खांद्यावर बसवून फिरवायला लावलं. लेकीलाही हेच सांगितलं. खरा गेला तेव्हा ती एवढीशी होती, चेहराही आठवत नाही; तिला बाप म्हणजे तोच माहीत.

तर हा आला. मी उठले आणि कुणाचं लक्ष जायच्या आत त्याला इस्त्रीच्या खोलीत ओढलं.

"काय गं," दात काढत म्हणतो, "फाटकावर तुझी चौकशी केली तर रखवालदार म्हणतो, बिचारीचा नवरा गेला. मी म्हटलं, अरेरे, कधी?"

"कशाला आलास?" लग्न झाल्यापासून ज्याला अहो-जाहो केलं त्याला मी सरळ अरे-तुरे केलं. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

"तिकडचं बिनसलं. हाकललं तिने मला. आता म्हटलं आपलं ते आपलं. पोरीसाठी आलोय मी."

"पोरीसाठी? कितवीत आहे पोर?"

"असेल की... दुसरीत."

"चौथीत आहे."

"तेच ते. हे बघ, भांडायला आलो नाही. तुझी खोली आहे, दोन वेळचं जेवण आहे, माझं एक अंथरूण पडेल कोपऱ्यात. बाहेर सांग भाऊ आहे म्हणून, माझी हरकत नाही."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर काय, पाहुणे येतायतच आज," तो इस्त्रीच्या टेबलावर बोटं वाजवत म्हणाला. "त्यांच्यासमोर उभा राहतो आणि सांगतो, हा मी. मग तू आणि तुझी पोर, दोघी रस्त्यावर."

चोर तो चोर, वर शिरजोर! तळपायाची आग मस्तकात गेली. बाजूला इस्त्री तापत होती आणि खोटं कशाला बोलू, एकदा माझा हात तिकडे गेलाही. पण पोरीची शाळा डोळ्यांसमोर आली. ही जागा गेली की चुलतबहिणीचं दार, आणि ते या वेळी उघडणार नाही. मी हात मागे घेतला आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

तेवढ्यात ताई आली. "पाहुणे आले! हे कोण?"

"नातेवाईक," हा नम्रपणे म्हणाला. नम्रपणा त्याला फार छान जमतो, नाहीतर मी तरी कशाला फसले असते.

"बरं, मागे बाकावर बसा. गडबड नको," ताई म्हणाली, आणि जाता जाता माझ्याकडे अशी बघून गेली की मला कळलं, हिने या वेळीही ओळखलं.

साहेब उंच, मॅडम त्याहून उंच. दोघं बिचारी भली माणसं आहेत, उगाच कशाला बोल लावू? आमचं काहीही बघितलं की त्यांना गहिवरून येतं. मॅडमला कापडी पिशवी दाखवली तरी डोळे पाणावतात. हेच कधीकधी डोक्यात जातं. सगळ्यांशी हात मिळवून झाले, प्रार्थना झाली, आणि ताईने मला खूण केली.

मी उभी राहिले. रोजच्या सवयीने तोंडातून कहाणी सुरू झाली. माझा नवरा फार चांगला होता. दारूच्या थेंबाला शिवला नाही. माझ्यावर कधी हात उगारला नाही. ताई एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होती, मॅडम रुमाल काढत होती. आणि मागच्या बाकावर हा! आधी चमकला. मग हळूहळू ताठ बसला. पोरीला खांद्यावर बसवून फिरवायचा, असं मी म्हटलं तेव्हा शेजारच्या काजवालीकडे बघून त्याने मान डोलावली, जणू कालच फिरवून आणलं. चहाचा कप हातात, पायावर पाय, आणि चेहऱ्यावर असं समाधान की सत्कारच चाललाय. एक बिस्किट संपवून त्याने दुसरं उचललं.

ते दुसरं बिस्किट बघून माझं डोकं फिरलं. म्हटलं, हा आता जन्मभर असाच बसणार. माझ्या खोलीत, माझ्या जिवावर, आणि मी याच्या धाकात याचेच पोवाडे गाणार. त्यापेक्षा जाऊ दे सगळं खड्ड्यात! निदान याच्या हातात तरी काही उरणार नाही.

"ताई," मी म्हटलं, "पुढचं नीट सांगा त्यांना. हे सगळं खोटं आहे. माझा नवरा मेलेला नाही. तो बघा मागे बसलाय, बिस्किटं खातोय. पळून गेला होता, आता फुकटचं खायला परत आलाय."

मशिनींवरच्या सगळ्या बायकांनी माना वळवल्या. काजवालीने तोंडावर हात ठेवला. ताईने कमरेच्या किल्ल्या मुठीत धरल्या. मग साहेब-मॅडमकडे वळून हळू, जड आवाजात काहीतरी बोलली. चार वर्षांत मला त्यांच्या भाषेतले थोडे शब्द कळायला लागले होते. नवरा हा शब्द मला कळतो. तो आलाच नाही. भाऊ हा शब्द आला. आणि ताईने हात करून त्याच्याकडे दाखवलं.

मॅडम उठली. भराभर चालत मागे गेली, त्याच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि त्याचे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय सांगितलं हिने?" हा गडबडला. "ओ ताई, काय सांगितलंत?"

"भावाच्या आठवणीने आला आहात, असं सांगितलं," ताई शांतपणे म्हणाली.

"भाऊ? अहो, मी नवरा आहे! मी! मीच तो!" तो छाती बडवत ओरडायला लागला. "मी मेलेलो नाही!"

ताईने लगेच पाहुण्यांना ते सांगितलं. काय सांगितलं देव जाणे, पण साहेबही उठला, त्याने याच्या खांद्याला मिठी मारली आणि दोघांनी मिळून त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली. हा सुटायची धडपड करतोय, ते आणखी घट्ट धरतायत. शोक अनावर झालाय, असंच वाटलं असणार त्यांना. आम्ही सगळ्या हात जोडून उभ्या होतो. काजवालीचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती हे मी पैजेवर सांगते.

पाहुणे मुलांची वसतिगृहं बघायला गेले तशी ताई परत आली. आधी त्याच्याकडे.

"कुणाला सांगायचंय ते सांग," ती म्हणाली. "पाहुण्यांना सांगितलंस, ऐकलं त्यांनी. पुन्हा सांगितलंस तर पुन्हा प्रार्थना करतील. मी इथे आहे तोवर तू मेलेला आहेस. चहा झाला असेल तर नीघ."

मग माझ्याकडे. मला वाटलं होतं, पाठीवरून हात फिरवेल. कसलं काय!

"आणि तू! फार खरेपणाचा पुळका आला होता? तुझ्या एकटीचं खोटं उघडं पडलं की या सगळ्या खोट्या ठरतात. हिची कावीळसुद्धा खोटी ठरते. परत असं केलंस तर मी स्वतः तुझं सामान बाहेर ठेवीन."

"मग तेव्हाच टाकलेलीला आत घ्यायचं होतंत!" माझा तोल गेला. "मला कुठे हौस होती त्याला मारायची?"

"मला तरी कुठे हौस आहे त्याला मेलेला ठेवायची?" ती फटकन म्हणाली, आणि किल्ल्या खुळखुळवत निघून गेली. त्या दिवसापासून आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलतो. माझी खोली राहिली, पण ती कुणाच्या मर्जीवर राहिली हे ताई मला विसरू देत नाही.

हा अजून तिथेच, पिशवी छातीशी धरून. सगळी गुर्मी उतरली होती.

"एक विचारू?" म्हणाला. "ते खांद्यावर बसवून फिरवायचो वगैरे... एकदा तरी फिरवलं होतं का गं मी?"

"नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. चालता हो."

तो गेला. मी खिडकीशी उभी राहिले, खरोखर फाटकाबाहेर पडतो की नाही ते बघायला. नेमकी शाळा सुटली होती. पोरांचा लोंढा आत येत होता आणि त्यात माझी लेक. हा फाटकाशी थांबला, इतकी पोरं असताना तिलाच हाक मारून काहीतरी विचारलं. ओरडावं तर सगळ्या बायका बघणार. जिन्याकडे धावावं तर खाली पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन जाणार. ती त्याला बोट दाखवून काहीतरी सांगत होती, मग आणखी काहीतरी सांगत राहिली, हातवारे करून, अगदी रंगात येऊन. तो ऐकत होता. मग त्याने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, तसाच मागे घेतला आणि निघून गेला.

लेक धापा टाकत वर आली.

"कोण होता तो? काय म्हणाला?" मी तिचा दंडच धरला.

"आई, दुखतंय! बसस्टॉप कुठे म्हणून विचारलं त्या काकांनी. मी दाखवला. मग म्हणाले, तू कुणाची? मी म्हटलं, मी शिवणखोलीतल्या आईची. बाबा नाहीत. बाबा ट्रक चालवायचे, एका मुलाला वाचवताना गेले. सगळं सांगितलं, खांद्यावर बसवायचे ते पण."

"मग?"

"मग काही नाही. म्हणाले, चांगला माणूस होता. आणि गेले."

चांगला माणूस होता! असा संताप आला मला. चार वर्षं खपून, घासूनपुसून, एकेक खोड काढून मी जो नवरा घडवला, तो हा एका वाक्यात फुकट घेऊन गेला. पोरगी समोर उभी, हे कळल्यावरही मी तुझा बाप, असा एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नाही. बरं, निघाला असता तर मी त्याचा गळा धरला असता, हेही तितकंच खरं. धावत जाऊन त्याला चार शिव्या हासडाव्यात की तसंच जाऊ द्यावं, मला काही केल्या कळेना. मी लेकीचा दंड सोडला. त्यावर माझी बोटं उमटली होती.

ती दंड चोळत, डोळे मोठे करून विचारत होती, "आई, ते काका बाबांना ओळखत होते का गं?"

"नाही," मी म्हटलं. "त्यांची कधी गाठच पडली नाही."