मागचं डावं चाक

बेंबळीच्या धोंडप्पांचा चुलतभाऊ गाडीचा टायर फुटून अपघातात गेला, तेव्हापासून त्यांनी लेकीच्या गाडीचा धसका घेतला होता. राजनंदिनी रोज स्वतः गाडी चालवत धाराशिवला कोर्टात नोकरीला जायची. धोंडप्पांनी तिच्या गाडीला सेन्सरवाले टायर बसवून घेतले. चाकातली हवा कमी झाली की गाडी ओरडायची.

"वरडली की जागच्या जागी थांबायचं," त्यांनी बजावलं. "फुडं न्यायची न्हाय."

"व्हय अप्पा."

श्रावणात एका सोमवारी ती आईला, गजराबाईंना घेऊन येडशीजवळच्या रामलिंगच्या दर्शनाला निघाली. गजराबाईंचे गुडघे धरलेले, त्या मागच्या सीटवर पाय लांब करून बसल्या होत्या. घाटात धुकं होतं. ऐन वळणावर गाडी ओरडायला लागली. मागच्या डाव्या चाकातली हवा भराभर उतरत होती. वळणापलीकडं रस्ता रुंद होता, पण राजनंदिनीनं तिथंच ब्रेक दाबला, चारी दिवे लावले आणि मागच्या गाड्यांना हात करायला खाली उतरली.

"आई, तू पण उतर."

"उतरते की. चप्पल कुठं गेली बघू दे."

धुक्यातून ट्रक आला. ड्रायव्हरनं तिला पाहिलं, ब्रेकही मारला. पण ओल्या रस्त्यावरून ट्रक घसरत आला आणि गाडी कठड्यावर चेंबली. धाराशिवला पोचेपर्यंत गजराबाई गेल्या होत्या.

पंचनाम्याच्या वेळी चाकात लोखंडाचा तुकडा सापडला. कुणी म्हणालं, पुढं नेली असती तर टायर फुटून गाडी दरीत गेली असती. कुणी म्हणालं, वळण ओलांडलं असतं तर काहीच झालं नसतं. धोंडप्पांनी दोन्ही ऐकलं.

घर माणसांनी भरलं. गजराबाईंची बहीण कमलबाई रडता रडता म्हणाल्या, "वळणावर कोण गाडी उभी करतं गं? एवढी शिकलीस तू!"

राजनंदिनी भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्या दिवशी कमलबाईंनी पुन्हा तेच काढलं, तेव्हा धोंडप्पा ओसरीवरून आत आले.

"म्या सांगितलं होतं तिला," ते म्हणाले. "जागच्या जागी थांब म्हणून. तिला बोलू नका."

राजनंदिनीनं मान वर केली. तोवर कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले, पण आवाज तापलेला होता.

"तुम्ही नव्हता तिथं, अप्पा. रस्ता मला दिसत होता. गाडी मी थांबवली. हे तरी माझं मला ठेवू द्या."

धोंडप्पा पुन्हा ओसरीवर जाऊन बसले.

दिवाळीनंतर तिनं धाराशिवलाच खोली घेतली. गाडी पुन्हा चालवली नाही. आता रविवारी ती एसटीनं येते आणि धोंडप्पा तिला स्टँडवरून आणायला जातात. घरापर्यंत दोघं चालत येतात. सोयाबीनचं बोलतात, बोअरच्या पाण्याचं बोलतात. रामलिंगचं नाव कुणीच काढत नाही.