ढिगाऱ्याखालची शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे आणि आत्ता मला जराही चैन नाही. कुणीतरी माझ्यावर ओली छत्री ठेवून गेलंय आणि साहेब जागेवर नाहीत. सुरुवात नेहमी अशीच होते.

मला घडवणाऱ्या सुतारदादांनी रंधा मारून मला गुळगुळीत केलं, पण माझा एक पाय थोडा आखूड राहिला. "पुठ्ठ्याची घडी घातली की झालं," असं म्हणून ते मोकळे झाले. मग माझी रवानगी बसस्थानकातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत झाली. तिथल्या बाई मला रोज ओल्या फडक्याने पुसायच्या. आलेली वस्तू चिठ्ठी लावून लगेच कपाटात ठेवायच्या. लोक म्हणायचे, "टेबल आहे की आरसा!" माझा ऊर भरून यायचा.

बाई निवृत्त झाल्या आणि नंतरसाहेब आले. हे नाव कंडक्टर मंडळींनी ठेवलेलं. माणूस मनाचा चांगला, पण काहीही दिलं की म्हणायचा, "ठेवा तिथंच, नंतर बघतो." मफलर, फायली, डबे, उष्टे कप... माझा जीव नुसता गुदमरायचा. पायाखालचा पुठ्ठा कधीच झिजून गेला होता, तिकडे कोण बघणार?

एकदा एका कंडक्टरने शेंगदाण्याएवढी वस्तू आणली. "साहेब, सीटखाली सापडलं. कानातलं मशीन दिसतंय."

"ठेवा तिथंच, नंतर बघतो."

त्यावर मफलर पडला, मफलरवर फायली. मशीन चालूच होतं. दबल्यावर ते बारीक शिट्टी मारू लागलं. साहेबांनी मान वर केली. "हा पंखा कुरकुरायला लागला वाटतं." त्यांनी मिस्त्री बोलावून पंख्याला चक्क तेल घातलं! मला ओरडावंसं वाटत होतं, पण टेबलाला कुठला आवाज? पुढे मशीनचा सेल संपला आणि शिट्टी थांबली. "बघा, तेल लागू पडलं," साहेब खूश.

त्यानंतर एक आई मुलीला घेऊन आली. "हिचं कानातलं मशीन बसमध्ये पडलं हो. वर्गात काही कळत नाही म्हणून शाळेतच जात नाही ही. नवं मिळायला फार वेळ लागेल."

साहेब सगळं विसरले होते. त्यांनी कपाट धुंडाळलं. "नाही बुवा."

माझा जीव खालीवर होत होता. आईचा चेहरा पडलेला पाहून मुलीने थकून दोन्ही कोपरं माझ्यावर टेकली. मी आखूड पायावर कललो आणि सगळा ढीग धाडकन खाली आला! तो आवाज तिला ऐकूच आला नाही. ती मात्र खाली वाकली आणि मफलरमधून तिने आपलं मशीन अलगद उचललं.

आईने पर्समधला नवा सेल घातला. मुलीच्या मुठीत मशीनने शिट्टी मारली. साहेबांनी सवयीने पंख्याकडे पाहिलं आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली.

मुलीने मशीन कानात बसवलं. "काका, आता बोला. मला ऐकू येतंय."

साहेब खाली वाकून पडलेल्या फायली गोळा करू लागले.

त्या संध्याकाळी त्यांनी मला स्वतः पुसलं, पायाखाली नवा पुठ्ठाही घातला. तरी आज ही छत्री आली आणि मी पुन्हा अस्वस्थ आहे. मित्रांनो, तुमच्या टेबलावरचा ढीग आजच उपसा. खाली दडलेल्या प्रत्येक वस्तूला शिट्टी मारता येत नाही.