पाण्यापलीकडचा लाल मनोरा

ऑफिसात तिला सगळे रंगारीण म्हणायचे. मोबाइल कंपनीच्या नियोजन विभागात बारा वर्षं ती नकाशे रंगवत होती, म्हणून. काम ऐकायला पोरखेळ वाटतं. रेडिओलहरी मोजक्याच आणि मनोरे शेकड्यांनी, तेव्हा त्याच लहरी पुन्हा पुन्हा वापरायच्या. लहरींच्या प्रत्येक गटाला एक रंग. शेजारच्या दोन मनोऱ्यांना एकच रंग दिला की दोघांचे आवाज एकमेकांच्या पायात पाय घालतात आणि माणसांची बोलणी मध्येच तुटतात. म्हणून एका लालनंतर दुसरा लाल यायचा तो नकाशावरची चार घरं सोडून. तिच्या भिंतीवरच्या नकाशात दोन लाल कधी शेजारी बसले नव्हते, आणि त्याचा तिला जरा जास्तच अभिमान होता.

तरी तळ्याकाठच्या वस्तीत तीन महिने फोन तुटत होते. तिथल्या प्रसूतिगृहातल्या नर्सने तक्रार केली की डॉक्टरांना बोलावताना फोन दोनदा बंद पडला, बाळ-बाळंतीण वाचली ती नशिबाने. साहेब भडकले. म्हणाले, "सोमवारपर्यंत मला चुकलेल्या माणसाचं नाव हवंय. त्याला घरी बसवणार."

रंगारणीने नकाशा तीनदा तपासला. नकाशा स्वच्छ. मग चूक हाताची, आणि त्या मनोऱ्याला हात लागायचा तो एकाच माणसाचा, खारूकाकांचा.

खारूकाका म्हणजे मनोऱ्यावर सरसर चढणारे म्हातारे फिटर. अँटेना किती अंश खाली वाकवायची ते रंगारीण कागदावर लिहून द्यायची. वाकवली की आवाज आपल्याच वस्तीत पडतो, दुसऱ्याच्या अंगणात जात नाही. काका दर महिन्याला वर जाऊन कोन तपासायचे आणि कागद भरून आणून द्यायचे. निवृत्तीला सात महिने उरले होते, गुडघे कुरकुरत होते. रंगारणीच्या मनात पाल चुकचुकली ती इथेच.

आता तिला सगळं दिसायला लागलं. सकाळी साडेआठलाच कागद टेबलावर येतो, मग हा माणूस चढतो कधी? बुटांना चिखल कसा नाही? आणि हल्ली नजर का चुकवतात?

"काका, इतक्यात झालंसुद्धा?" तिने त्या आठवड्यात मुद्दाम विचारलं होतं.

"झालं, बाई."

"वर वारा होता का?"

"वारा काय, असतोच." काका घुटमळले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटून निघून गेले.

चोराच्या मनात चांदणं, ती मनाशी म्हणाली. त्यांचे चहाचे कपसुद्धा तिने मोजले. संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा राहत नाही, मालकच होऊन बसतो. शुक्रवारी संध्याकाळी तिने अहवाल लिहिला, 'फिटर वर न जाताच कागद भरतात', आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

फक्त पुरावा नव्हता. म्हणून रविवारी सकाळी ती कोन मोजायचं यंत्र घेऊन स्वतःच तळ्याकाठी गेली. चढाईचं प्रशिक्षण तिने कधीकाळी घेतलं होतं, प्रमाणपत्र फाइलीत होतं.

"काका खरंच वर जातात का हो?" तिने पहारेकऱ्याला विचारलं.

"जातात की, मॅडम. उजाडता उजाडता. नंतर पाण्यावरचा वारा उठतो, मग धरवत नाही. चढायचे बूट माझ्या खोलीतच ठेवतात." त्याने दाखवले. टाचा झिजलेले, चिखलाने माखलेले.

हाही सामील आहे, असं तिला वाटलं. कमरेचा पट्टा आवळून ती शिडी चढू लागली. अर्ध्या वाटेवरच तिला थांबून दम घ्यावा लागला, आणि काकांचे गुडघे तिला उगाचच आठवले.

वर यंत्र लावलं. दोन अंश. पुसून पुन्हा लावलं. दोनच, तिने लिहून दिल्याप्रमाणे, केसभरही इकडेतिकडे नाही. खांबावर रंगाने तीन महिन्यांच्या तीन तारखा लिहिल्या होत्या. तिला आनंद व्हायला हवा होता, पण खरं सांगायचं तर राग आला. मग तिने मान वर केली.

समोर पाणीच पाणी, आणि पलीकडच्या काठावर दुसरा मनोरा. मध्ये घर नाही, झाड नाही, भिंत नाही. तोही तिच्या नकाशात लाल, तीन महिन्यांपूर्वी नवा उभा राहिला तेव्हा तिनेच रंगवलेला. नकाशात तळं पांढरं सोडलेलं होतं. तिने चार घरं मोजली होती खरी, पण ती घरं पाण्याची होती, आणि पाणी कुणाचा आवाज अडवत नाही. दोन अंशांत आवाज सरळ समोरच्या काठाला जात होता आणि तिकडचा इकडे येत होता.

तशीच ती ऑफिसात गेली. काकांचे कागद काढले. त्यांवर ती फक्त आकडा आणि सही पाहायची. शेवटी 'शेरा' म्हणून एक रकाना होता, त्यात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'वरून पाण्यापलीकडचा लाल मनोरा समोर दिसतो. मध्ये अडसर नाही. सहा अंश करू का?' पुढच्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच, आणि खाली, 'कृपया कळवावे.' तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी काका साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसले होते. शर्टाला इस्त्री केली होती. बोलावलंय कशाला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"काका," ती म्हणाली, "शेरा मी काल वाचला. तोंडाने का नाही सांगितलंत?"

"दोनतीनदा आलं होतं ओठावर." काका ओशाळून हसले. "पण म्हटलं, लिहून दिलंय, बाईंनी वाचलंच असेल. तरी दोनच ठेवलेत म्हणजे त्यामागे काहीतरी विचार असणार. तुमच्या कामावर मी कसा संशय घ्यायचा?"

आतून हाक आली तसे काका गुडघ्यांवर हात ठेवून उठू लागले.

"तुम्ही बसा," ती म्हणाली आणि दार ढकलून आत गेली. "साहेब, माझ्या अहवालात नाव चुकलंय."

"मग बरोबर नाव कुणाचं?"

टेबलावरचा अहवाल तिने स्वतःकडे ओढला आणि पेन उघडलं.