चौकातली दाढी

उस्तादांची दाढी गळ्याखाली उतरली, तेव्हा सूनबाईला पहिल्यांदा वाटलं, हा माणूस आपल्या हातून निसटत चाललाय.

ज्यानं उभा जन्म लोकांची तोंडं गुळगुळीत केली, त्याच्याच तोंडावर हे पांढरं रान माजलं होतं. हात थरथरायला लागल्यापासून स्वतःची दाढी त्यांना करवत नसे. रोज सकाळी सलूनचं शटर उघडायच्या आधी मुलगाच ती करायचा. पण साथ आली आणि बापलेकांची ताटातूट झाली. ती केली सूनबाईनंच. उस्तादांच्या छातीची आधीच चाळणी झालेली. हजारो डोक्यांचे बारीक केस आणि डबेच्या डबे पावडर नाकातोंडातून आत जाऊन बसलेली. डॉक्टर म्हणाले होते, "यांना ही लागण झाली, तर आम्हांला फार काही करता येणार नाही." ते वाक्य तिनं काळजावर कोरून घेतलं. एका खोलीच्या घरात तिनं जुनी चादर आडवी बांधली आणि खिडकीकडची बाजू उस्तादांना दिली. चादरीपलीकडे जायचं ते फक्त तिनं. नवरा बाहेर जिन्याच्या वळणावर झोपायचा. बापलेक बोलायचे ते दारातून, ओरडून, मध्ये नदी असल्यासारखे.

"सूनबाई, तू मला लोणच्यासारखं बरणीत घातलंयस," उस्ताद कुरकुरायचे.

"मग मुरा, बाबा. मुरलं की टिकतं."

"मी मुरत नाहीये गं, नासतोय."

ती हसण्यावारी न्यायची. पण चादरीमागे दाढी वाढत होती, आणि बोलणं कमी होत होतं.

हळूहळू सगळं उघडलं. किराणा उघडला, कारखाने उघडले, दारूचं दुकान तर सगळ्यांच्या आधी. अंगाला हात लावून करायचे धंदे तेवढे कुलपात राहिले. शिल्लक होती ती खाऊन झाली. मग नवऱ्यानं भाजीची गाडी लावून पाहिली. पण जी जीभ वस्तऱ्याबरोबर चालायची, ती तराजूबरोबर चालेना. "घ्या ना" म्हणायलाच तो लाजायचा. निम्मा माल सडून घरी यायचा आणि सडका भाग कापून तोच पातेल्यात पडायचा. पुढे पुढे तिच्या लक्षात आलं, की भाजीच्या पिशवीच्या तळाशी वस्तऱ्याची पेटी असते. मोठ्या घरांतली माणसं त्याला मागच्या दारानं बोलावून घेत होती. त्यातलीच काही खिडकीत उभी राहून "सलूनवाल्यांनीच रोग पसरवला" म्हणायलाही मोकळी. तिला कळलंय हे त्याला कळलं होतं. पण दोघंही बोलले नाहीत. पोट बोलायला लागलं की माणसं गप्प बसतात.

आणि पोटं चार होती. त्यातलं सगळ्यांत लहान पोट ठमीचं. नाव ठमी ठेवलं तेव्हा ती खरंच गुबगुबीत होती. आता दुधाच्या पावडरीचा चमचा आधी शिगोशीग, मग सपाट, मग निम्मा झाला होता, आणि पोरगी बाटली रिकामी झाल्यावरही बूच चोखत बसायची. सूनबाईच्या अंगावरचं दूध केव्हाच आटलं होतं. साखर तर घरातून हद्दपारच झाली होती.

अशात एका दुपारी सलूनवाल्यांचे अध्यक्ष जिना चढून आले आणि वळणावरच थांबले. डोक्यावर एक केस नाही, म्हणून सगळे त्यांना टकले अध्यक्षच म्हणत.

"उस्ताद आहेत का?"

"बाबा कुठे जाणार?" सूनबाई दारात आडवी उभी राहिली. "काय ते मला सांगा."

"परवा चौकात मोर्चा आहे. शहरातले सगळे कारागीर येणार. नुसत्या घोषणा नाहीत द्यायच्या. खुर्च्या मांडायच्या, आरसे लावायचे आणि भर रस्त्यात दुकान उघडायचं. बघू कोण बंद करतंय! पण दुकान उघडायचं म्हणजे पहिली दाढी हवी."

पहिली दाढी म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. नवं दुकान उघडलं, किंवा दुःखात बंद राहिलेलं पुन्हा उघडलं, की पहिल्यांदा खुर्चीत बसायचा मान धंद्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसाचा. त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. त्याच्या गालावर वस्तरा फिरल्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावायचा नाही.

"दुसरा म्हातारा शोधा," ती म्हणाली.

"उस्ताद असताना दुसरा? लोक जोड्यानं मारतील मला."

"मग खा जोडे. माझ्या सासऱ्यांची छाती तुम्हांला माहीत आहे. आणि तुम्हांला कशाला हवंय हो सलून? तुमच्या डोक्याला कात्री लागून जमाना झाला."

"म्हणून तर लोकांचा विश्वास आहे माझ्यावर," अध्यक्ष टाळूवरून हात फिरवत म्हणाले. "यात माझा काडीचा स्वार्थ नाही."

चादरीमागून हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं होतं, आणि लगेच खोकल्यात बुडालं. खोकला ओसरल्यावर उस्ताद म्हणाले, "मी येणार."

"बाबा!"

"अध्यक्ष, तुम्ही या आता. मी येणार म्हणजे येणार."

अध्यक्ष गेल्यावर तिनं चादर बाजूला केली. तोंडाला फडकं बांधूनच ती आत जायची. "तुम्हांला मरायची हौस आली असेल, तर मला आधी सांगायचं होतं. एवढी राखण कशाला केली मी?"

उस्ताद खिडकीबाहेर बघत होते. "त्या बाटलीचं बूच चोखल्याचा आवाज येतो मला इथे," ते म्हणाले. "रात्रंदिवस. मी माझ्या वाटचं खातोय आणि नात बूच चोखतेय. माझ्या बसण्यानं जर दुकान उघडत असेल, तर मी बसू नको?"

तिनं चादरीची सैल झालेली गाठ उगाच पुन्हा आवळली.

"आणि दुसरं सांगू? पोराचा हात लागला नाही गालाला किती दिवसांत. माणूस उपाशी फक्त पोटानंच राहतो असं नाही, सूनबाई."

ती हरली तिथेच. पण हरतानाही तिनं अटी घातल्या. दाढी करायची ती फक्त मुलानं. त्यानं अंघोळ करून, हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला दुहेरी मास्क लावून यायचं. नवं पातं, धुतलेला टॉवेल, आपली खुर्ची. दाढी झाली की तडक घरी. नवऱ्यानं सगळ्याला मान डोलावली. गेल्या चार-सहा दिवसांत कुणाच्या घरी गेला होतात का, हे मात्र तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं, आणि उत्तर ऐकून मोर्चा थांबवावा लागला असता.

मोर्चाच्या दिवशी तिनं काळा चहा केला. नवऱ्यानं पायरीवर बसून एक घोट घेतला आणि कपात डोकावला.

"कसला चहा हा? चवच नाही."

"साखर नाही घरात, चव कुठून आणू? माहेरून?"

"तसं नव्हे गं. नुसतं गरम पाणी लागतंय."

"एकच चिमूट भुकटी दोनदा उकळलीय. राजवाड्यात असल्यासारखे नखरे करू नका. प्या."

तो हसला, मुकाट्यानं प्यायला, आणि खुर्ची खांद्यावर घेऊन निघाला.

चौक ओळखू येत नव्हता. दुभाजकाच्या रेलिंगला आरसे टांगले होते, लहान-मोठे, काही तडकलेले, आणि प्रत्येकात माणसंच माणसं. सलूनवाले होते, ब्युटी पार्लरच्या बायका होत्या, मालिश करणारे, दात बसवणारे, मेंदीवाल्या, जिमचे मास्तर. मग ज्यांचा काही संबंध नाही तेही आले होते, मंडपवाले, वाजंत्री, शाळेच्या गाड्यांचे ड्रायव्हर. कुणाच्या हातात फलक: "रोगानं मरू की भुकेनं, निवड तरी आमची असू द्या." पलीकडे पोलीस काठ्या घेऊन रांगेत उभे. त्यांचेही केस कॉलरवर आलेले. "साहेब, या, तुमचीही करून टाकू!" कुणीतरी ओरडलं आणि रांगेतला एक जण मास्कमागे हसलेला दिसला. अंतर राखून उभं राहायचं ठरलं होतं. घोषणा सुरू झाल्या, आणि अंतर गेलं.

सूनबाई ठमीला कडेवर घेऊन खुर्चीपासून चार हातांवर उभी राहिली, राखणदारासारखी. जवळ येईल त्याला ती डोळ्यांनीच मागे ढकलत होती.

उस्ताद खुर्चीत बसले. त्यांनी मास्क काढला.

नवऱ्यानं आधी कात्रीनं दाढी उतरवली. पांढरे झुबके मांडीवरच्या कापडावर पडत गेले. मग ब्रशनं फेस केला, वेळ घेऊन, गोल गोल. बापाच्या गालाला बोट लावलं, तेव्हा त्याचा हात क्षणभर थांबला. उस्तादांनी डोळे मिटले. वस्तरा कानाखालून हनुवटीपर्यंत एका ओढीत आला, आणि पांढऱ्या फेसातून ओळखीचा गाल बाहेर पडला, सुकलेला, पण त्यांचाच. मानेवरचे वाढलेले केसही त्यानं नीट कातरले, कॉलर खाली ओढली आणि मानेवर चिकटलेले बारीक कण पाहिले.

आणि त्यानं मास्क हनुवटीखाली ओढून फुंकर मारली.

तीच फुंकर. एक मानेवर, एक कानामागे, आणि समोर येऊन एक गालावर, नाकापाशी. दुसरे कारागीर ब्रश फिरवायचे. पण उस्तादांच्या दुकानात कधी ब्रश आला नाही. "ब्रश टोचतो, फुंकर टोचत नाही," असं म्हणत त्यांनीच पोराला लहानपणी शिकवलं होतं. गिऱ्हाइकं त्या फुंकरीसाठी लांबून यायची. हाताला जे कळतं ते डोक्याला विचारून होत नाही. मास्क खाली आला, वर गेला, आणि नवऱ्याला पत्ताही लागला नाही.

"अहो!" ती ओरडली. पण त्याच वेळी अध्यक्षांनी उस्तादांचा हात वर उचलला, टाळ्या आणि शिट्ट्या उसळल्या, आणि तिचं ओरडणं त्यात विरून गेलं. उस्तादांनी डोळे उघडले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग मास्क लावला, अगदी हळू, वेळ निघून गेल्यावर लावावा तसा.

मोर्चा जिंकला. आठवड्याच्या आत सलून उघडायचा हुकूम निघाला. अध्यक्षांनी रस्त्यातूनच आरोळी ठोकून सांगितलं. पण ती ऐकायला उस्ताद घरी नव्हते. आदल्याच दिवशी त्यांची छाती भात्यासारखी वाजायला लागली, ओठ निळे पडले, आणि गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. बरोबर कुणाला बसू दिलं नाही. घरच्यांची तपासणी झाली. तिघांनाही लागण निघाली. नवऱ्याला मोर्चाच्या संध्याकाळीच कणकण आली होती. उन्हानं झालं असेल म्हणून तो जिन्यात पडून राहिला होता. तपासणाऱ्या बाईनं विचारलं, "तोंडाची चव कधीपासून गेली?" तो म्हणाला, "चवीचं खाल्लंय कुठे, की कळावं?"

सूनबाई भिंतीला टेकून खाली बसली. त्याची चव गेली होती, आणि तिनं साखरेला दोष दिला होता. घर भरलेलं असतं, तर त्याच घोटाला तिला कळलं असतं.

दवाखान्यातून एकदाच फोन आला. नर्सनं उस्तादांच्या कानाला लावून धरला होता. मध्ये मध्ये यंत्राचा आवाज, मध्ये मध्ये ते.

"पोरगा जवळ आहे?"

"नाही बाबा. बाहेर आहेत."

"बरं झालं. ऐक. मला मानेवर गार लागलं, तेव्हाच कळलं होतं. तू पाहिलंस, तेही मी पाहिलं." श्वास. "त्याला सांगायचं नाही."

"बाबा, माझंच चुकलं, सकाळी चहाच्या वेळी त्यांना..."

"ऐक गं. मला दम नाही. त्याला रोज कुणाच्या तरी गळ्यावर वस्तरा ठेवायचाय. हे मनात बसलं तर हात चालायचा नाही. मग ठमी खाणार काय? मला न्यायला आला तो रोग. त्यानं आणला नाही. कळलं?"

"कळलं."

"गुळगुळीत झालीय बघ दाढी," ते म्हणाले, आणि पुढचं यंत्रात गेलं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यानं ते गेल्याची बातमी दिली. शेवटचं पाहायलाही मिळालं नाही.

लागण तिघांचीही उतरली. दुकान उघडायची परवानगी हातात होती, पण नवरा उठेना. अध्यक्ष दोनदा येऊन जिन्यातून हाका मारून गेले. गिऱ्हाइकांचे निरोप येत होते. तो दाराकडे पाठ करून बसायचा. वस्तऱ्याची पेटी त्यानं माळ्यावर टाकली होती. एक दिवस भल्या सकाळी ठमीला मांडीवर घेऊन तो म्हणाला,

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"मी त्या घरांमध्ये जात होतो. तुला माहीत होतं."

"होतं."

"तिथूनच आणलं असेल मी. आणि मीच त्यांना..." त्यानं ठमीला घट्ट धरलं. "चौकात तू जवळ होतीस. माझं काही चुकलं का? काही राहिलं का करायचं?"

सूनबाईनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. नजर चुकवली असती, तर तिथेच सगळं संपलं असतं.

"काही चुकलं नाही," ती म्हणाली. "सगळा वेळ मास्क होता तुमच्या तोंडावर. मी पापणी लवू दिली नाही. एवढी गर्दी होती, कुणाचा श्वास कुठे गेला कोण सांगणार? बाबा हट्टानं आले. तुम्ही त्यांना आणलं नाहीत."

"शपथ?"

तिनं ठमीच्या डोक्यावर हात ठेवला. पोरीच्या टाळूखाली काहीतरी इवलंसं धडधडत होतं.

"शपथ."

तो लहान मुलासारखा रडला, कितीतरी वेळ. मग उठला, तोंड धुतलं, माळ्यावरून पेटी काढली. दारात थांबून म्हणाला, "येतो." जिन्यावर त्याची पावलं खाली जाताना ऐकू आली, आधी जड, मग नेहमीसारखी.

ती तशीच बसून राहिली. तो पुन्हा विचारणार होता. आज नाही, तर वर्षानं, नाहीतर ठमी मोठी झाल्यावर कधीतरी जेवता जेवता. तेव्हाही हेच सांगावं लागणार होतं, ह्याच शब्दांत, आवाज न कापता. तिनं ते एकदा मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग ओठ हलवून. ठमी तिच्या तोंडाकडे बघत होती.