लाल टोक, निळं टोक

मी एक पेन्सिल बोलतेय. एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. पेपर तपासणाऱ्यांच्या खिशात किंवा सुताराच्या कानामागे तुम्ही माझ्यासारख्या पुष्कळ पाहिल्या असतील. सध्या मी दवाखान्यातल्या एका बाकावर, उघड्या पुस्तकाच्या मधल्या घळीत पडले आहे. समोर एक बंद दार आहे. ते उघडेपर्यंत माझी हकिगत सांगून टाकते. लांबण लावणार नाही. माझी उंचीच आता फारशी उरलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लाकडाच्या पट्टीला एक खाच पाडली, तिच्या अर्ध्या भागात लाल कांडी ठेवली, अर्ध्या भागात निळी, आणि वरून दुसरी पट्टी गोंद लावून दाबून बसवली. आत, मधोमध, दोन्ही कांड्या डोक्याला डोकं लावून झोपलेल्या. आम्हाला डब्यात भरणारी बाई शेजारणीला म्हणाली होती, "ह्या दोन्हीकडून सारख्या झिजल्या तरच कामाच्या. एकच टोक वापरायचं असेल तर एवढा खटाटोप कशाला?" तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो.

मला विकत घेतलं एका म्हाताऱ्या घड्याळजींनी. त्यांचं दुकान म्हणजे एक काचेचं टेबल, एक दिवा आणि भिंतभर टिकटिक. बाद झालेल्या भागांच्या डबीवर ते माझ्या लाल टोकानं खूण करत, चालू भागांच्या डबीवर निळ्या टोकानं. दोन्ही टोकांना काम होतं. ते दिवस सुखाचे होते.

घड्याळजी ज्यू होते; त्यांच्या घरी प्रार्थना हिब्रू भाषेत होत असे. हजारो वर्षांपूर्वीची ती गाणी, म्हणजे बायबलातली स्तोत्रं, त्यांना तोंडपाठ होती. म्हणून दर गुरुवारी दुपारी एक तरुण प्राध्यापक त्यांच्याकडे उच्चार शिकायला यायचा. तो धर्मोपदेशक तयार करणाऱ्या विद्यालयात शिकवायचा. त्याची थोरली बहीण त्याला चेष्टेनं 'पंडित' म्हणायची. मीही तेच म्हणते.

पंडिताला एकच ध्यास होता. त्या जुन्या गाण्यांत ओळीओळीला ख्रिस्ताची चाहूल आहे, असं त्याला मनापासून वाटायचं. गाण्यात मेंढपाळ आला, की तो तोच. नाकारलेला दगड आला, की तोच. शत्रूंनी घेरलेला, तहानेनं जीभ टाळूला चिकटलेला माणूस आला, की मग तर पंडित उठून उभाच राहायचा.

"काका, हे बघा! इथेही तोच! जन्माआधी कित्येक शतकं!"

"तुला तो चहाच्या कपातही दिसेल," घड्याळजी म्हणायचे.

"शोधणाऱ्याला दिसतो, काका."

"दिसू दे. तुझ्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. पण हे गाणं ज्यानं रचलं, त्याचं काय? त्याची पाठ दुखत होती, त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. माझी आई हे आजाऱ्याच्या उशाशी बसून म्हणायची. तू त्या बिचाऱ्याला खुर्चीवरून उठवतोस आणि तिथे दुसऱ्याच पाहुण्याला बसवतोस."

"उठवत नाही हो. मी त्याच्या पलीकडे बघतो."

"तेच म्हणतोय मी," घड्याळजी म्हणाले, आणि मला उचलून त्यांनी त्याच्या हातात ठेवलं. "घे. बक्षीस नाही, अट आहे. तुझा येणारा ख्रिस्त दिसला की लाल रेघ मार. पण त्याआधी, ज्याला दुखतंय त्याच्यासाठी निळी. कबूल?"

"कबूल," पंडित हसत म्हणाला.

कबूल म्हणायला किती सोपं असतं!

पंडित आणि ताई दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहायची. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई सोळाची. तिनं शिवणयंत्र चालवून त्याला शिकवलं. शर्टाच्या कॉलरी शिवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. तिची टीप आखल्यासारखी सरळ.

पंडिताचं पुस्तक जाडजूड होतं. उजव्या पानावर हिब्रू गाणं, डाव्या पानावर त्याचं आपल्या भाषेतलं भाषांतर. पंडित उजवंच पान वाचायचा. "डावं पान कुबड्या लागणाऱ्यांसाठी असतं," असं तो वर्गात सांगायचा. पहिल्या आठवड्यात त्यानं माझ्या लाल टोकानं चाळीस रेघा मारल्या. घड्याळजींकडे बोथट झालेल्या निळ्या टोकाला ब्लेडसुद्धा लावलं नाही.

मग एके सकाळी ताई चहा ओतता ओतता थांबली. "पंडित, पाठीत निखारे ठेवल्यासारखं होतंय रे. रात्रभर कुशीवर वळता आलं नाही."

पंडितानं झटकन मान वर केली. त्याचे डोळे चमकले. "काय म्हणालीस? परत म्हण."

ताईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, भाऊ विचारपूस करतोय. तिनं परत सांगितलं, कुठे दुखतं ते हातानं दाखवलंसुद्धा.

"हेच! अगदी हेच!" पंडित टेबलाकडे धावला. "हे गाणं मला कधी उलगडलंच नव्हतं. सोसणाऱ्याची पाठ! ताई, हा त्याचाच छळ आहे! तू मला किल्ली दिलीस!" आणि त्यानं मला इतकं दाबून लाल रेघ ओढली, की माझं टोक मोडलं.

ताई किटली हातात धरून तशीच उभी होती. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "माझी पाठ कोणाच्या तरी उपयोगी पडली."

पंडित मोठ्यानं हसला. मला हसू आलं नाही.

दुसऱ्यांदा तिनं सांगितलं तेव्हा तिचे कपडे तिला सैल व्हायला लागले होते. "घास उतरत नाही रे. तोंडाला राखेची चव येते."

"डॉक्टरांकडे जाऊन ये ना." मान खाली, मी हातात.

"सोबत येशील?"

"भाषण झालं की नक्की." विद्यालयाचं वार्षिक भाषण त्याच्याकडे आलं होतं. विषय होता 'प्राचीन गीतांतला तारणारा'. तेच भाषण त्याला मोठं करणार होतं. "तोवर पडून राहा. तू फार काम करतेस, तुझं हेच चुकतं."

तिसऱ्यांदा ताईनं सांगितलं नाही.

एका दुपारी ती टेबल पुसायला आली. पुस्तक उघडंच होतं, आणि तिला हिब्रू येत नसल्यामुळे तिची नजर डाव्या पानावर गेली. वाचता वाचता ती खुर्चीत बसली. तिच्या पाठीतले निखारे तिथे होते. न उतरणारा घास होता. अंथरुणाला खिळून हाक मारणारं, आणि उत्तर न मिळणारं कोणीतरी होतं. "अगं बाई," ती हळूच म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचं म्हणणं कोणीतरी नीट ऐकून घेतलं होतं, आणि ते कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी मेलेलं होतं.

तिनं मला उचललं. लाल टोक पाहिलं, ते भावाचं. मला उलटं करून स्वयंपाकघरात नेलं आणि बटाटे सोलायच्या चाकूनं माझं निळं टोक सोललं. जाड, ओबडधोबड कपच्या निघाल्या. मग डाव्या पानाच्या समासात, पाठीच्या ओळीशेजारी, तिनं एक बारीक निळी रेघ मारली. टिपेसारखी सरळ. खाली तारीख घातली.

ह्या घरात माझ्या निळ्या टोकाचा तो पहिला शब्द. त्या रेघेचा अर्थ मला कळत होता आणि तो कोणाला सांगायला मला तोंड नव्हतं.

त्यानंतर दर चार-आठ दिवसांनी ती यायची. दुखण्याची नवी जागा सापडली, की तिला पुस्तकात नवी ओळ सापडायची. कधी खोकल्याची, कधी पायांतलं बळ गेल्याची. रेघ आणि तारीख, बाकी अक्षर नाही. उजवीकडे लाल रेघा, डावीकडे निळ्या. पुस्तक मिटलं की त्या एकमेकींवर पडायच्या, उघडलं की पुन्हा लांब. पंडिताची नजर मधली शिवण ओलांडून डावीकडे गेली नाही ती नाहीच.

दोनदा त्याच्या तळहातावर माझा निळा ठिपका उमटला. त्यानं तो साबणानं धुऊन टाकला.

आणि रेघा थरथरू लागल्या. तिसऱ्या महिन्यात एका गिऱ्हाइकानं शर्ट परत आणला. "बाई, तुमची कॉलर आणि वाकडी?" तो अविश्वासानं म्हणाला. ताईनं टीप उसवली, पुन्हा घातली. पुन्हा वाकडी आली. ती कॉलर तशीच ठेवून टेबलाशी आली आणि तिनं रेघ मारली. ती रेघ समासातून घसरत ओळीच्या अंगावर गेली.

मला तेव्हा ओरडायचं होतं. लाल टोक झिजून मी अर्ध्याला आले होते. एवढं लाकूड जळत होतं माझं, आणि कशासाठी? जो येणार त्याच्यासाठी ह्या घरात रोज दिवा लागत होता, आणि जी आत आहे ती अंधारात होती.

भाषणाला एक आठवडा उरला. समोर साधी माणसंही बसणार होती, त्यांना हिब्रू कुठून कळणार? म्हणून आज सकाळी पंडितानं आयुष्यात पहिल्यांदा डावं पान नीट वाचायला घेतलं.

निळी रेघ. तारीख. पान उलटलं. निळी रेघ, तारीख.

त्याचा चेहरा लाल झाला. तारखा नीट न बघताच त्याला आठवलं, तीन महिन्यांपूर्वी त्यानं पुस्तक दोन दिवस घड्याळजींकडे ठेवलं होतं. मला आणि पुस्तकाला घेऊन तो तडक दुकानात गेला.

"काका, तुम्हाला पटत नव्हतं तर तोंडावर बोलायचं होतं. माझ्या पुस्तकात रेघोट्या मारून माझी टिंगल का करता?"

घड्याळजींच्या डोळ्याला भिंग होतं. ते न काढताच त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. भिंतीवरची टिकटिक एकाएकी फार मोठी वाटायला लागली.

"ही रेघ माझी नाही. माझा हात थरथरला तर मला जेवायला मिळणार नाही," ते म्हणाले. "ही पहिली बघ, सरळ आहे. ही त्याच्यानंतरची. आणि ही मागच्या आठवड्यातली. माणूस घसरत चाललाय रे."

"कोण माणूस?"

त्यांनी मला उचलून दिव्याखाली धरलं. "तू ब्लेड वापरतोस. हे टोक चाकूनं सोललंय, आणि भाजी सोलतात तसं, स्वतःकडे ओढून." भिंग डोळ्यावरून खाली आलं. "घरी कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. ताईची पाठ जरा…"

पंडितानं पुस्तक ओढून घेतलं आणि निळ्या रेघांच्या ओळी एकामागून एक वाचल्या. पाठ. घास. खोकला. पाय. हाक. त्याच ओळींसमोर, उजव्या पानावर, त्याच्या स्वतःच्या ठसठशीत लाल रेघा होत्या.

"मला वाटलं, हा तो आहे," तो म्हणाला.

"असेलही," घड्याळजी म्हणाले. "पण तुझा तो येणार असेल, तर आधी ह्याच रडणाऱ्याच्या घरी येईल ना? पळ. इथे काय उभा आहेस!"

जिना चढताना शिवणयंत्राचा आवाज आला नाही. ताई यंत्राशेजारी जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, मांडीवर अर्धी कॉलर. तिनं डोळे उघडले.

"आलास? भाषण झालं?"

"ताई…"

"चहा राहिला बघ टाकायचा," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. मग पंडिताकडे वळल्या. "कधीपासून दुखतंय?"

पंडितानं पुस्तक उघडलं आणि तो समासातल्या तारखा वाचायला लागला. पहिली तारीख पाच महिन्यांपूर्वीची. डॉक्टरीणबाई लिहून घेत होत्या. सातव्या तारखेला त्यांनी हात थांबवला.

"एवढं सगळं होत होतं, आणि ह्यांनी घरात कोणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं की," खाटेवरून ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तिची नेहमीची चेष्टाच होती. "त्यानं लाल रेघ मारली."

पंडितानं तिचा हात धरला. ती म्हणाली, "रडू नकोस रे. ते पुस्तक चांगलं आहे. त्यातला माणूस फार चांगला आहे. त्यानं मला सोबत केली." मग खाट ढकलत तिला आत नेलं आणि दार लागलं. डॉक्टरीणबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, "पोट उघडून बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही."

त्याला आता चार तास होऊन गेले.

पंडित माझ्याशेजारी बसला आहे. मघाशी त्यानं मला हातात घेतलं, लाल टोक खाली होतं. त्यानं मला उलटं केलं आणि निळं टोक, ताईनं शेवटची रेघ मारलेल्या गाण्याच्या समासावर टेकवलं. पण रेघ काही ओढली नाही. मग मला पुस्तकात ठेवलं आणि अगदी हळू आवाजात तो ते गाणं म्हणायला लागला, घड्याळजींची आई म्हणायची तसं, आजाऱ्याच्या उशाशी बसून. फक्त इथे ती उशी दाराच्या पलीकडे आहे.

माझं लाल टोक आता नखाएवढं उरलंय. निळं अजून बोटभर आहे. ते वापरायला वेळ मिळेल की नाही, हे मला माहीत नाही. तुमच्या टेबलावर माझी एखादी बहीण असेल, तर तिला आज दोन्हीकडून टोक काढा. आणि घरात कोणी चहा ओतता ओतता थांबून काही सांगत असेल, तर त्याच्या पलीकडे बघू नका. आधी त्याच्याकडे बघा.

आत पावलं वाजताहेत. पंडित गाता गाता थांबला आहे. दाराची कडी हलते आहे.

कोणीतरी बाहेर येतंय, आणि फार सावकाश येतंय.